मतदानाआधीचे पाच दिवस

ओरिन बार्स्टॅडनं कप पुढे ढकलला आणि कॅफेतल्या वेट्रेसकडे, लोरेटाकडे, न बघताच म्हणाला, "भर."

ओरिन म्हणजे पक्षाचा काउंटीतला म्होरक्या. समोर मार्लिस ट्वेट, सरकारी वकील. नॉर्थ डकोटात ही खुर्ची लोकांच्या मतांवर मिळते आणि मतदानाला उरले होते पाच दिवस.

लोरेटानं कॉफी ओतली, पण पाय तिथून हलेनात. तिचा भाऊ ड्वाइट चाळीस दिवस तुरुंगात होता. का, तर म्हणे त्यानं धान्याचं कोठार जाळलं. पिऊन भांडणारा तोच, मग जाळणाराही तोच. गावानं ठरवून टाकलेलं.

"ते पेट्रोल पंपावरचं चित्रण खरं आहे?" ओरिननं आवाज खाली आणला.

"मी स्वतः जाऊन बघितलं. शेरीफच्या पोलिसांना तेवढं सुचलं नाही. आग लागली तेव्हा ड्वाइट शंभर मैलांवर त्या पंपावर उभा राहून सॉसेज खात होता."

"मग मतदान झालं की बुधवारी सोड त्याला."

"आज गुरुवार आहे, ओरिन."

"कळतं मला. आत्ता सोडलंस तर तुझ्याविरुद्ध उभा असलेला तो पोरगा दारोदार बोंबलेल, बाईनं आग लावणारा सोडला म्हणून. शेरीफही तुझ्यामागून सटकेल. पाच-सहा दिवसांनी ड्वाइटचं काय बिघडतंय? आत फुकट जेवायला मिळतं."

ही कॉफी याच्या मांडीवर ओतावी, असं लोरेटाला वाटलं.

मार्लिस टोस्टला लोणी लावत होती. "जेवण एवढं चांगलं असेल तर तू जा पाच-सहा दिवस. चादरी मी पाठवते."

"हरशील, बाई."

"हरेन बहुतेक."

ती उठली, कोट चढवला आणि लोरेटाला म्हणाली, "दोन वाजता न्यायाधीशांसमोर उभी राहतेय. भावाचा जाड कोट आण. सप्टेंबरात आत गेलाय तो, आता बाहेर बर्फ आहे."

संध्याकाळी ड्वाइट घरी आला. शुक्रवारी घरोघरच्या टपालपेटीत त्या विरोधी पोरग्याची पत्रकं पडली, मार्लिसचा चेहरा आणि मागे जळतं कोठार. मंगळवारी लोरेटा आणि ड्वाइटनं आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. मार्लिस एकसष्ट मतांनी पडली.

बुधवारी सकाळी सातला ती नेहमीसारखी कॅफेत आली. मोठ्या टेबलावरचे सगळे पुरुष एकदम आपापल्या ताटात बघायला लागले. साधी मान कुणी हलवेना. लोरेटाचं डोकंच फिरलं. किटली आदळून ती मार्लिससमोर खुर्ची ओढून बसली.

"मालक ओरडेल तुला," मार्लिस म्हणाली.

"ओरडू दे. बासष्ट जणांना मानगूट धरून आणायला हवं होतं मी."

"ते राहू दे गं. डिसेंबर संपेपर्यंत खुर्ची माझीच आहे आणि कोठार जाळणारा अजून मोकळा फिरतोय." मार्लिसनं वही उघडली. "आग लागली त्या संध्याकाळी इथं कोण कोण बसलं होतं आणि नेहमीचं कोण आलं नव्हतं?"

लोरेटानं वळून मोठ्या टेबलाकडे बघितलं आणि एकेक नाव सांगायला लागली.