रांजणाचा वास

मडिवाळांच्या, म्हणजे आमच्याकडच्या परटांच्या घरी मुलगी बघायला आलेली माणसं तिला चालून दाखव म्हणत नाहीत. आधी अंगणातल्या भट्टीकडे जातात, कपडे उकळायच्या रांजणात हात फिरवतात आणि तो नाकाला लावतात. जिचा रांजण कुबट, ती पोर गावाच्या धुण्याला काय पुरी पडणार, असा त्यांचा रोखठोक न्याय. मुलगा कसा आहे हे मात्र कुणी हुंगून बघत नाही.

मागच्या सुगीत हुमनाबादची माणसं दुबलगुंडीला चन्नव्वाच्या घरी अशीच आली होती. त्यांच्यातल्या म्हातारीने हात नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि पुढ्यातल्या चहाला न शिवता उठली. चन्नव्वाची लेक महादेवी विशीला टेकलेली. तिच्या वयाच्या पोरी कडेवर लेकरं घेऊन पाण्याला जायच्या. अजून एकदा नकार आला असता तर पुढे कुणी विचारायलाही आलं नसतं. आणि आता राजेश्वरची सिद्धम्मा आपल्या मुलासाठी पोर बघायला येणार होती. तीही मडिवाळच, आणि तिच्या नाकाची ख्याती तिच्या आधी गावात पोचलेली.

रांजण बिघडला तो सोड्यामुळे. पूर्वी धुणं चौळाच्या मातीवर व्हायचं. ही खारी माती उन्हाळ्यात ओढ्याकाठी पांढरी फुलून येते. ती खरवडायची, डोक्यावर आणायची, चाळायची, भिजत घालायची. मग रांजणाच्या तळाला गाळ बसायचा, आणि तो उपसता उपसता रांजण आपसूक घासून निघायचा. पण चन्नव्वाच्या नवऱ्याला, निंगप्पाला, दम्याने खाटेवर बसवलं आणि माती आणायला एकटी चन्नव्वा उरली. दुकानात धुण्याचा सोडा मिळायला लागला होता. मूठभर टाकला की काम झालं. गाळ नाही, म्हणून उपसणं नाही. उपसणं नाही, म्हणून घासणं नाही. आत मळाचा बुळबुळीत थर धरला. चन्नव्वाला ते दिसत नव्हतं असं नाही. पण संध्याकाळी पाठ टेकली की रांजण उद्या घासू असं वाटायचं, आणि उद्याची पाठ आजच्यापेक्षा जड असायची. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, चावडीवरचं निशाण बदललं. गावाच्या धोतरांना मात्र त्याचं काही नव्हतं. ती मळायची तशीच मळत होती.

पाहुणे येणार म्हणून मायलेकींनी रांजण आडवा पाडला. राखेने घासला, काथ्याने घासला, ताकाने धुतला. उन्हात पालथा घातला आणि शेवटी आत कडुनिंबाच्या पाल्याची धुरी दिली.

"आता हुंग बरं," चन्नव्वा म्हणाली.

महादेवीने डोकं आत घातलं. "निंबाचा वास यायलाय."

"येऊ दे. निंबाला कुणी नाव ठेवत न्हाई."

राहिलं लुगडं. परटाच्या घरी नवं कापड कशाला घेतील? गावाचे कपडे धुऊन परत द्यायच्या आधी एखाद दिवस अंगावर घालायचे, ही रीत बापजाद्यांपासूनची. गावालाही ती माहीत असते आणि गाव डोळेझाक करतं. चन्नव्वाने गठुड्यातून गुरप्पा मालकांच्या थोरल्या सुनेचं इरकली लुगडं ओढलं. काळंनिळं अंग, लाल पदर. काठाच्या आतल्या बाजूला कपडा ओळखायला चन्नव्वाने घातलेली बिब्ब्याची खूण होती, दोन टिंबं आणि वर काडी. शेजारी आणखी एक जुनी खूण होती, सुनेच्या माहेरच्या परटिणीची. बिब्बा काही धुऊन जात नाही. चार वर्षं चन्नव्वा ती खूण बघत होती, पण त्या सुनेचं माहेर राजेश्वरचं, हे थकलेल्या डोक्यात त्या दिवशी काही आलं नाही.

सिद्धम्मा दिराला, हावगेप्पाला, घेऊन बैलगाडीने आली. शरणार्थ म्हणून नमस्कार झाले, पाणी झालं. हावगेप्पा निंगप्पाच्या खाटेपाशी बसला. सिद्धम्मा सरळ भट्टीकडे गेली, रांजणात हात फिरवला, नाकाला लावला.

"कधी घासला?" सिद्धम्माने विचारलं.

"रोजच घासताव की, अक्का."

सिद्धम्मा हसली. "सोयरे यायलेत म्हणल्यावर कोणबी घासतंय. मीबी घासला असता." आणि ती घरात येऊन महादेवीसमोर बसली. पोरीचे हात उलटेपालटे करून बघितले. बोटांच्या पेरांना सोड्याने चिरा पडल्या होत्या. तिने त्यावर अंगठा फिरवला. मग सवयीने लुगड्याचा काठ उलटला.

आणि तिथेच थांबली.

"हे माझं हाय," ती म्हणाली.

आता कुठे चन्नव्वाला सुनेचं राजेश्वरचं माहेर आठवलं.

"म्हंजे खूण माझी हाय. त्या पोरीच्या लग्नाआधी दोन वर्षं म्याच धुतलंय हे." सिद्धम्माने पदर उजेडात धरला, जरा ताणला, सूत चाचपलं. सोड्यातून गेलेला इरकली पदर कसा होतो हे त्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. लाल विटतो, सूत पिंजतं. चन्नव्वाने कबूल करून टाकायचं ठरवलं. खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं.

"सोडा वापरतो आमी, अक्का. माती आणायला त्राण न्हाई राहिलं मला."

"मग ह्याचा रंग कामून गेला न्हाई?"

खालमानेने महादेवी बोलली. "रंगाचं म्या सोड्यात टाकत न्हाई. रिठ्यात धुते."

"घरात रिठे कुठून आले गं?" चन्नव्वाने पाहुण्यांसमोरच विचारलं.

"मठामागं झाड हाय. वेचून आणते."

"तुला सांगितलं कुणी?"

"कुणी न्हाई. पदर फिका व्हायला लागला व्हता. बघवंना."

सिद्धम्माने काठ नीट खाली सोडला. "रांजण मला दाखवायला घासला," ती चन्नव्वाला म्हणाली. "हे मात्र कुणाला दाखवायला केलं न्हाई." तिने कुंकवाचा करंडा मागितला आणि महादेवीच्या कपाळी बोट टेकवलं. "धुणं आमच्याकडंबी लई हाय, पोरी. पण आमच्यात माती आणायला चार माणसं हायेत."

मग ती चहा प्याली, बशी पालथी घातली, आणि निघताना स्वतःच्या अंगावरच्या लुगड्याला चिखल लागू नये म्हणून ते दोन्ही हातांनी वर धरलं. तेही कुणाच्या तरी घरचंच असणार.

गाडी वेशीकडे वळली. निंगप्पा खाटेवर बसून देवाचं नाव घेत होता. महादेवीने लुगडं बदललं, मालकांच्या घरी द्यायचं म्हणून त्याची कडक घडी घातली, आणि जुनेर नेसून राखेचं टोपलं घेऊन भट्टीपाशी गेली.

"आता कशाला घासायलीस? बघून गेले की."

"धुरीनं वास दबतो. तळाशी अजून धरलंय." खांद्यापर्यंतचा हात रांजणात होता. "तुला एकटीला हे आडवं पाडायला जमणार न्हाई, आव्वा. म्या हाय तोवर निघू दे."

चन्नव्वा उंबऱ्यावर बसली. पोरगी उजवावी म्हणून तिने किती नवस बोलले होते, आणि आज ते ऐकले गेले होते. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिला वाटत होतं, उठावं, धावावं, वेशीत गाडी गाठावी आणि सिद्धम्माला सांगावं की माझी पोर मला परत दे. ती उठली नाही. तेवढं त्राण तिच्यात राहिलं नव्हतं.