चोवीस शब्द आणि फ्रीझर

"सर, तुमची कंपनी उद्या बुडाली, तर तुमच्या ॲपमधली आमची नाणी कुणाची?"

हे मी विचारलं. मी! हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे, ती. मैत्रिणींनी पैज लावली होती, "विचारलंस तर महिनाभर तुझी प्रयोगवही आम्ही लिहू." शाळेत डिजिटल पैशांवर बोलायला आलेले पाहुणे आधी हसले, मग पाणी प्यायले, मग म्हणाले, "तशी वेळ येणारच नाही." टाळ्या पडल्या, पण मला!

प्रश्न पैजेचा असला तरी काळजी खरी होती. आठ महिने मी एका गेमसाठी चित्रं काढली होती. राक्षस, पूल आणि एकशे बारा प्रकारची झाडं! त्याचे पैसे क्रिप्टोत मिळाले आणि सगळे तसल्याच एका ॲपमध्ये पडून होते. माझ्या ॲनिमेशनच्या कोर्सची फी होती ती.

दुसरा पर्याय कपाटात होता. मामाने वाढदिवसाला दिलेलं, क्रिप्टो सांभाळायचं पेनड्राइव्हएवढं यंत्र. ॲपमध्ये नाण्यांची किल्ली, म्हणजे ती उघडणारा गुप्त कोड, कंपनीच्या हातात. यंत्रात ती माझ्या हातात, इंटरनेटपासून लांब. यंत्र बिघडलं, तर त्याने सुरुवातीला दिलेले चोवीस शब्द पुन्हा भरायचे की सगळं परत. शब्दच गेले, तर सगळंच गेलं.

"ॲपच बरं," बाबा म्हणाले. "वर्षात तीन छत्र्या हरवणारी मुलगी किल्ली काय सांभाळणार?"

"चार," आई शिलाई मशीनवरून म्हणाली. "एक माझी होती."

झालं! शनिवारी आईच्या कापायच्या टेबलावर बसून, हाताला आलं ते पेन घेऊन चोवीस शब्द लिहिले, सगळी नाणी यंत्रात हलवली आणि कागद घेऊन खाली बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात धावले.

"बाबा, लॅमिनेशन. पण डोळे मिटून."

"डोळे मिटून बोटं भाजून घेऊ?"

"मग दुसरीकडे बघा!"

मामाने बजावलं होतं, एकदा यंत्रातलं सगळं पुसून ते शब्दांनी परत उघडून बघ, म्हणजे खात्री होते. कागद गरम रोलरमध्ये सरकत होता, तेवढ्यात मी यंत्र पुसूनही टाकलं. कशाला वेळ घालवायचा?

पलीकडून कागद बाहेर आला. चकचकीत, कडक आणि कोरा.

"हे काय मला कोरा कागद लॅमिनेट करायला लावलास?" बाबा म्हणाले.

मी कागद ओढून घेतला. मग जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. आईने कागद बघितला, मग टेबल.

"माझं खुणांचं पेन घेतलंस? अगं, ती शाई इस्त्री फिरवली की जाते! म्हणून तर वापरते मी." मी रडणार, तेवढ्यात तीच थांबली. "ए, मागे त्या बाईंचा कोट परत आला होता बघ. थंडीत घातला आणि माझ्या सगळ्या खुणा वर आल्या. काय बोलल्या होत्या मला!"

आम्ही दोघींनी एकदमच फ्रीजकडे बघितलं.

फ्रीझरमध्ये वाटाण्यांच्या पिशवीवर कागद ठेवला. बाबा दुकान बंद करून वर आले. "उघडून बघू?" "नको, गार हवा जाईल!" "आता?" "बाबा!" अर्ध्या तासाने आईने कागद काढला. निळसर, पुसट, पण अक्षरं! सतरावा शब्द काही केल्या दिसेना. आईने कागद खिडकीशी तिरका धरला, उसवलेला टाका शोधावा तसा डोळा बारीक केला आणि वाचला. मी एकेक शब्द भरत गेले. चोविसावा भरला, आणि पडद्यावर माझी नाणी! एकशे बारा झाडांसकट! आम्ही तिघं स्वयंपाकघरात उड्या मारत होतो.

मग मी खुर्चीवर चढले.

"निर्णय झालाय. फी यंत्रात, खर्चापुरतं ॲपमध्ये. पण हे शब्द तुम्ही दोघांनी वाचलेत, म्हणून उद्या यंत्राकडून नवे घेणार. साध्या बॉलपेनने, दोन कागदांवर. एक माझ्याकडे, एक मामाकडे बंद पाकिटात. लॅमिनेशन नाही. मी लिहीत असताना तुम्ही दोघं बाहेर थांबायचं. आणि आजपासून या घरात माझ्या छत्र्या कुणीही मोजायच्या नाहीत!"