म्हणून राहिलो

विक्कीनं ठाण्यात पहिला गुन्हा केला तो स्वतःचं नाव सांगून.

"पूर्ण नाव?" साहेबांनी विचारलं.

"विक्की बाबूलाल सलाम."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. ते साताऱ्याकडचे, हिरडीटोल्याच्या ठाण्यात नवेच बदलून आलेले. गोंडांत सलाम हे आडनाव असतं आणि बाबूलाल नावाचा बाप असू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या कानात 'बाबू' शिरलंच नाही, पुढचं 'लाल सलाम' तेवढं शिरलं. हवालदार उदारामनं मान खाली घालून लिहिलं : 'आरोपीने ठाण्यात येताच घोषणा दिली.' उदाराम बाजूच्याच गावचा. बाबूलालच्या मयतीला खांदा देऊन आलेला माणूस.

"काऊन गा उदारामकाका," दुसऱ्या दिवशी सकाळी हे ऐकून दुर्पता म्हणाली, "आमचा बाबा मरून गेला, आता त्याच्या नावानं केस करून राहिले का?"

उदारामनं पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, पण त्याला कुठंतरी पाहायचं होतं.

दुर्पता विक्कीची मोठी बहीण. ती गावात ब्लाऊज शिवायची आणि दंडारीची गाणी रचायची, दोन्हींत माप पक्कं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथं दंडार होते. पोरं लुगडी नेसून नाचतात, गातात, सरपंचापासून जावयापर्यंत सगळ्यांची उडवतात. आजवर कुणी तक्रार केली नव्हती. सरपंच तर नाव नाही घेतलं की रुसायचा.

यंदा दुर्पतानं नव्या कायद्यावर गाणं रचलं. राज्यानं लोकांच्या सुरक्षेसाठी कायदा आणला, असं तिनं मोबाइलवर ऐकलं होतं. लोकांना कुणापासून वाचवायचं, हे तिनं शेवटपर्यंत ऐकलं, तेव्हा कळलं की लोकांपासूनच. मशीनवर पाय मारता मारता ओळी जुळल्या :

'बोलाचं बी लायसन काढा, हासाचा बी परवाना,
शिंक आली त अर्ज करा, मंजूर झाला त शिंका ना!'

मंडईत विक्की हे गाऊ लागला आणि लोक असे हसले की एका म्हाताऱ्याची कवळी गीताबाईच्या भज्यांच्या परातीत पडली. तेवढ्यात पोलिसांची जीप आली. भोंग्यातून सांगितलं गेलं की जमावबंदी लागू आहे, सगळ्यांनी निघावं. हजारभर माणसं, चार ढोलक्या आणि एक पाळणा यांच्यात भोंग्याचं कोण ऐकतो? विक्कीला लुगड्यासकट, नथीसकट उचलला. लॉकअप बायांचा द्यायचा की पुरुषांचा, यावर ठाण्यात बरीच चर्चा झाली म्हणे. त्याला हात का लावला, यावर मात्र कुणी बोललं नाही.

आता सकाळी तो गजांमागं उभा होता. गालावरची लाली ओघळून हनुवटीवर आली होती.

"दीदी, चहा आणला का वो?"

"गप राय," दुर्पता म्हणाली. तिनं साक्षीला गीताबाईला आणलं होतं, चहा राहून गेला होता.

साहेब तसे सभ्य होते. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं, एकच खुर्ची होती हा भाग वेगळा. "ताई, तुमच्या भावानं कबुली दिलीय," ते म्हणाले. "पोलिसांनी निघून जायला सांगितल्यावर का थांबलास, असं मी विचारलं. वाचा, हवालदार."

उदारामनं वाचलं, "'गाणे होते म्हणून राहिलो.'"

"असा नाई म्हणलो जी!" विक्की गजांतून ओरडला. "मी गाणं म्हणून राहिलो होतो!"

"तेच लिहिलंय," साहेब म्हणाले. "गाण्यासाठी राहिला. म्हणजे आदेश कळला होता, आणि जाणूनबुजून थांबला."

दुर्पताला आधी हसू आलं. मग ती टेबलाजवळ सरकली. "साहेब, आमच्या इकडं 'म्हणून राहिलो' म्हंजे म्हणत होतो. जेवून राहिलो म्हंजे जेवत होतो. तो थांबला नाई जी, तो गाऊन राहिला होता. काका, तुमी त सांगा! घरी काय बोलता तुमी?"

"घरचं वेगळं, जबाबाचं वेगळं," उदाराम पुटपुटला. "जबाब शुद्ध मराठीत असते."

"शुद्ध मराठीत खोटं लिहाची सूट आहे का?"

"ताई," साहेबांनी पेन टेबलावर आपटलं, हळूच. "साक्षीदार आणलाय ना? बोलवा."

गीताबाई पुढं आली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला मत विचारत होतं, म्हणून तिनं पदर नीट केला. "साहेब, मी त तिथंच भजे तळून राहिली होती. पोट्टा गाऊन राहिला होता, लोक हासून राहिले होते. भोंगा कोणालेच ऐकू नाई आला."

उदारामचं पेन चाललं. साहेबांनी कागद फिरवून मोठ्यानं वाचला : "'मी भजी तळून तेथेच राहिले. लोकही हसून तेथेच राहिले.' ठीक आहे. बाई, म्हणजे तुम्हीही थांबलात. नाव घ्या यांचं."

गीताबाईनं एकदा साहेबांकडं पाहिलं, एकदा दुर्पताकडं. "माय, कढईखाली जाळ चालू राहिला वो घरी," म्हणाली आणि जी निघाली, ती चप्पल हातात घेऊन.

दुर्पता नाही निघाली. "दुरुस्त करा," ती म्हणाली. "म्हणून राहिलो नाई, म्हणत होतो. तुमच्या मराठीत लिहा. त्याच्याबिगर मी हलत नाई."

साहेबांनी थोडा विचार केला. मग मान हलवली. "बरोबर आहे तुमचं. दुरुस्त करा, हवालदार."

उदारामनं खोडलं, वर नवं लिहिलं. दुर्पतानं श्वास सोडला.

"वाचा."

"'मी गाणे म्हणत होतो.'"

"छान," साहेब म्हणाले. "म्हणजे ते गाणं तोच म्हणत होता, हे कबूल. आदेश मोडला हा किरकोळ विषय होता, ताई. दंड भरून संध्याकाळी घरी गेला असता. सरकारबद्दल असं गाणं जमावापुढं म्हणणं, हे नव्या कायद्यात बसतं. तिथं जामिनाचं अवघड असतं."

चूक तिनंच भांडून दुरुस्त करून घेतली होती.

"पण," साहेब खुर्चीत रेलले, "पोरगा गाणारा आहे. गाणारा पोपट असतो. मला रचणारा हवाय. तो मिळाला तर याला मी सोडतो."

"मीच रचलं जी," विक्की पटकन म्हणाला आणि दुर्पताकडं डोळे वटारले. नाकातली नथ थरथरली.

"अस्सं? मग रच एक ओळ. आत्ता. या पंख्यावर."

विक्कीनं पंख्याकडं पाहिलं. घसा खाकरला. "पंखा... पंखा आहे वरती..." तो म्हणाला. बरंच थांबला. "...अन् आमी खालती."

उदारामलासुद्धा लाज वाटली.

"गाणं माझं आहे," दुर्पता म्हणाली. "शब्द माझे, चाल माझी. लायसन, परवाना, शिंक, सगळं माझं. यानं आयुष्यात शाळेचा निबंध बी स्वतः नाई लिहिला. लिहा, अन् सोडा त्याले."

"दीदी!"

"गप राय म्हटलं ना!"

साहेबांनी बेल वाजवून तिच्यासाठी चहा सांगितला. ते खरोखर खूश दिसत होते. "एकटा माणूस म्हणजे संघटना होत नाही, ताई. कायद्याला संघटना लागते. कालपासून मी दुसरा शोधत होतो."

"तुमी त म्हणाले होते, सोडतो म्हणून."

"सोडणारच होतो. तेव्हा तो एकटा होता."

दुर्पताला वाटलं, टेबल उचलून खिडकीबाहेर फेकावं. टेबल सरकारी होतं, त्याचं वेगळं कलम लागलं असतं. ती उदारामकडं वळली. "मंग तिसराही लिहा जी. हा बसला ना तो. उदाराम. आमच्या बाबाच्या दंडारीत किती वर्षं राणी होत होता, गावाले विचारा. सरकारवर गाणे गात होता. विक्कीच्या नाकात आहे ते नथ याचीच होय. लिहा काका, तुमच्याच हातानं लिहा!"

उदारामचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"खरं आहे, हवालदार?"

"साहेब... ते... लहानपणी... करून राहिलो होतो जी."

हे वाक्य साहेबांना पहिल्या झटक्यात कळलं. "करत होता. बरं," ते म्हणाले. कुठंही अडखळले नाहीत. मग त्यांनी हवालदाराकडं, दुर्पताकडं आणि गजांमागच्या त्या लुगड्यातल्या पोराकडं आळीपाळीनं पाहिलं. "राहू दे. दोन पुरेत."

चहा आला. दुर्पतानं तो तसाच विक्कीच्या हातात दिला. उदाराम तिचा जबाब लिहू लागला, मान न उचलता. गाण्याच्या दोन्ही ओळी त्यानं न विचारता लिहिल्या. लिहून झाल्यावर कागद तिच्यापुढं सरकवला आणि सहीची जागा बोटानं दाखवली.

सही करण्याआधी तिनं सगळं वाचून काढलं. नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, आडनाव बरोबर. तिच्या तोंडचा शब्द न् शब्द, लायसनपासून शिंकेपर्यंत, काना-मात्रेसकट जिथल्या तिथं. अख्ख्या जबाबात एक चूक नव्हती.

तिला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचाच आला.