चौऱ्याण्णव टक्के

लेक घरात शिरली ती चपला काढता काढताच करवादली. "बाबा, तीन आठवडे? तीन आठवडे कुठलं इन्स्टॉलेशन चालतं का?"

चालत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! कंपनीच्या हेल्पडेस्कवर बसून लोकांचे अडलेले कॉम्प्युटर फोनवरून सोडवायचे, हेच तर तिचं काम. पण बाबांचा फोन आला तेव्हा चार कॉल खोळंबले होते. मग गिऱ्हाइकांना कटवायचं ठरलेलं वाक्य तिने जन्मदात्यालाही ऐकवलं, "चालू राहू द्या, कशालाही हात लावू नका. मी रविवारी येते." रविवार आले नि गेले, बाईसाहेबांना सवड झाली नाही.

बाबांनी तीस वर्षं विमानतळावर सामानाचा ट्रॅक्टर हाकला. विमानांच्या पोटात ढिगाने बॅगा भरल्या, कॉकपिट मात्र खालूनच पाहिलं. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. नजर टिकली तर दोन-चार महिने, म्हणाले. म्हणून तर लेकीनेच हा विमान उडवायचा खेळ आणून दिला. नजर आहे तोवर एकदा स्वतःच्या हाताने धावपट्टीवर उतरायचं, एवढीच म्हाताऱ्याची हौस.

आणि माणूस तरी किती आज्ञाधारक असावा! कॉम्प्युटरवर ठळक अक्षरांत कागद चिकटवलेला, 'काम चालू आहे. हात लावू नये.'

"मला धूळसुद्धा पुसू दिली नाही गं," आई म्हणाली. "रोज सकाळी आंघोळ करून समोर बसतात. चौऱ्याण्णव टक्के झालंय, म्हणतात."

लेकीने मोठी खिडकी माऊसने बाजूला सरकवली, तर तिच्यामागे इवलीशी चौकट दडलेली. पुढे जायची परवानगी आहे का? हो. नाही. तिने 'हो' दाबलं. आईचा चहा गाळून होईतो शंभर टक्के झालेसुद्धा. लेकीला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मागे काही दिसतंय का, एवढंच तर फोनवर विचारायचं होतं.

"झालं, बाबा! या, बसा."

पडद्यावर लांबलचक धावपट्टी आणि निळं आभाळ. बाबा लगबगीने बसले. नाक काचेला टेकेल इतके पुढे झुकले, मग मान तिरकी करून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"धावपट्टी दिसतेय ना?"

"गेल्या सोमवारपर्यंत तो आकडा दिसायचा गं," ते हळूच म्हणाले. "आता मधोमध नुसता काळा डाग. कडेकडेचं तेवढं कळतं."

"अहो, मग मला फोन नाही का करायचा!"

"तू कामात असतेस. आणि ते चालूच होतं की." मग त्यांनीच चाचरत विचारलं, "माझा चुकून कुठे हात लागला असेल का गं? म्हणून अडलं असेल?"

लेकीने तो कागद सोडवून मुठीत धरला.

"नाही बाबा," ती म्हणाली. "तुम्ही कशालाच हात लावला नाहीत."