वरच्या ओळीचे दिवस

जेसीबीच्या ऑपरेटर चंपतचा फोन लागेना, तशी सुवर्णाने लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि स्कूटी काढली. मेचं ऊन तापलं होतं. दोनदा थांबून तिने पुन्हा फोन लावून पाहिला.

नेरडीगोंड्याजवळच्या ओढ्यावर नवा पूल होत होता. त्याचं वेळापत्रक सांभाळायला ठेकेदाराने मुधोळच्या सुवर्णाला नुकतंच घेतलं होतं. 'रस्ता बंद' या मुख्य ओळीपुढे एक आठवडा दिसे. गावालाही तेच सांगितलेलं. आज तिने आतल्या मिटलेल्या ओळी उघडल्या. ओढा ओलांडायचा जुना बुटका रपटा फोडणं, भराव, रोलरने त्याची दबाई, डांबर ही पोटकामं एकामागून एक थेट पावसाळ्यात शिरत होती. खरं तर मुख्य ओळीचे दिवस कुणी लिहायचे नसतात. पहिलं पोटकाम सुरू होण्यापासून शेवटचं संपेपर्यंतचा काळ सॉफ्टवेअर आपणच वर मांडतं. इथे कुणीतरी ते बंद करून आठवडा हाताने टाकला होता.

आणि रपटा फोडायला जेसीबी सकाळीच गेला होता.

ती पोचली तेव्हा रपट्याची एक कड तुटली होती. ती सरळ जेसीबीपुढे उभी राहिली.

"बाजूला व्हा मॅडम. साहेबांनी सांगतलं हाय," चंपत वरून म्हणाला.

"साहेबांशी मी बोलते. तोवर हात लावू नका."

साइटचे प्रमुख राजकुमार जीपने आले. तिने तिथेच लॅपटॉप उघडून हाताने टाकलेला आकडा काढला. मुख्य ओळीपुढची पट्टी सरकत जुलैच्या पार गेली.

"आठवडा मीच टाकला," ते हळू आवाजात म्हणाले. "वरचे साहेब रोज विचारतात. लांब पट्टी दाखवली की ऐकून घेत नाहीत."

"सर, ओढ्याला पाणी आलं की गाव पलीकडेच अडकेल."

ते ओढ्याच्या काठाने चार पावलं चालून आले. "मग रपटा फोडण्याआधी पाणी जायला सिमेंटचे नळ टाकून वळणरस्ता करावा लागेल. जागा एकच आहे."

त्यांनी बोट दाखवलं तिथे वांगी होती. वावर गयाबाईचं. ती रोज याच रपट्यावरून भाजी बाजारात नेई. गलका ऐकून ती बांधावर आलीच होती.

"आमाले तं आठ दिवस सांगतले होते. तेवढं पीठ दळून ठेवलं म्या," ती म्हणाली. "आता वावर काऊन मागून राह्यले?"

सुवर्णाने काही लपवलं नाही. कुठलं काम किती लांबणार, रपटा गेला तर काय होईल, सगळं सांगितलं. राजकुमार भरपाईचं बोलले. गयाबाई बांधावरच बसली.

"रस्ता नाई तं वांगे कोठं नेऊ पोरी? आन वावर देल्लं तं नेऊ काय?"

आपणच हे उकरून काढलं, असं सुवर्णाला वाटत राहिलं.

"दोन तोडे होऊ द्या," गयाबाई शेवटी म्हणाली. "मंग घाला मशीन."

सुवर्णाने वळणरस्त्याच्या आधी एक नवं पोटकाम लिहिलं: वांग्यांची तोडणी. मुख्य ओळ आणखी लांबली. राजकुमारांनी ती पाहिली.

"वर पाठवा," ते म्हणाले.

थोड्याच वेळात त्यांचा फोन वाजला. ते बोलत बोलत दूर गेले, बराच वेळ मान खाली घालून ऐकत राहिले. चंपत तुटलेल्या कडेत दगड टाकू लागला.

"वरचे साहेब खूप बोलले," परत येऊन ते म्हणाले. "पण नवी तारीख मान्य केली."

वावरात गयाबाई सुनेला हाक मारून टोपल्या मागवत होती.