सुपडू आबांची खूण

मी एक भोक आहे. हसू नका. प्रमिलाच्या उजव्या कानापुढं, गाल संपून कान सुरू होतो तिथं, मोहरीचा दाणा मावेल एवढं. मला कुणी सोनारानं टोचलेलं नाही. मी तिच्या जन्माच्याही आधीपासून इथं आहे.

प्रमिला आईच्या पोटात हरभऱ्याएवढी होती तेव्हाची गोष्ट. डोकं वाकून छातीला टेकलेलं, आणि कान, खरं वाटणार नाही तुम्हाला, खाली मानेजवळ! तिथं सहा बारीक उंचवटे उगवले, एकमेकांना चिकटले, त्यांचा कान झाला. जबडा वाढत गेला तसा तो वर सरकत आपल्या जागी आला. एकाच ठिकाणी सांधा पुरता मिटला नाही. ती फट म्हणजे मी. एवढी कारागिरी अंधारात चालते. त्यात माझ्याएवढी चूक राहिली तर रागवायचं कुणावर?

बाहेर आलो ते भडगावच्या दुःखातल्या घरात. प्रमिलाचे आजोबा सुपडू आबा नुकतेच गेले होते. त्यांच्याही उजव्या कानापुढं असंच भोक होतं. आजी द्रौपदाबाईंनी बाळाला उजेडाला धरलं, मला पाहिलं आणि त्या ओरडल्या, “मना धनी उना वं! पोर व्हईसन उना, पन उना!”

आबाच पोर होऊन परत आले असं ठरलं, आणि त्या दिवसापासून प्रमिला घरातली ‘आबा’ झाली. पहिली भाकर तिला. सासराच तो, म्हणून आई ताईबाई हसत हसत तिच्यासमोर पदर सारखा करायची. प्रमिला गणितात नापास झाली तेव्हा वडील मोतीलाल यांनी हात उगारला, तर आजी कडाडल्या, “बापवर हात उचलस? लाज नही वाटस का?” तो हात तसाच डोकं खाजवायला गेला.

मला कुणी भोक म्हणत नसे. मी ‘खूण’! येणारी-जाणारी म्हातारी मला बोट लावून मगच चहा प्यायची. घामानं मी सुजलो की ताईबाई कोमट पाण्यानं पुसायची, देव धुतल्यासारखं.

मॅट्रिकनंतर लग्नाचा विषय निघाला. आजी आबांची आठवण काढून म्हणाल्या, “त्यास्नी शाळा चौथीमा सुटनी व्हती. आते पुरी व्हऊ दे.” बापच शिकायचं म्हणतोय, तर लेकानं नाही कसं म्हणावं? अशी प्रमिला जळगावला कॉलेजात गेली.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला बाईंनी फळ्यावर गर्भाचं डोकं काढलं. उंचवटे, सांधे, सगळं माझंच चरित्र! “कधी कधी सांधा मिटत नाही, भोक राहतं,” बाई म्हणाल्या. “हे घराण्यात चालत येतं. मधली पिढी सोडूनही येतं.” प्रमिलाचं बोट माझ्यावर आलं.

मला वाटलं, ही गप्प राहील. एकच वर्ष तर उरलंय. पण गप्प राहणं तिच्या रक्तात नव्हतं.

नव्वद सालच्या दिवाळीत शिंदखेड्याचं स्थळ आलं. मोतीलाल म्हणाले, “पोऱ्या चांगला शे.” आजी म्हणाल्या, “आबाले इचार.”

“मी आबा नाही!” प्रमिला उसळली. “हे नुसतं भोक आहे. कान जुळताना राहिलेलं. आबांकडून माझ्याकडं आलं, एखाद्याचं नाक येतं तसं. तुम्ही मोठी माणसं हा खेळ किती वर्षं चालवणार? मला शिकायचंय ते प्रमिला म्हणून.”

मोतीलाल ताठ बसले. “म्हनजे तू मना बाप नहीस?”

“नाही.”

“मंग इतला दिन मी कोनं आयकं?” ते हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. “मंग ठरनं. शिंदखेडाले निरोप धाडस. बापना हुकूम व्हता म्हनीसन शिकाडं.”

प्रमिलाचे कान तापले. मीही तापलो. एका खऱ्यापायी तिनं आपल्याच हातानं कॉलेजचं दार लावून घेतलं होतं.

द्रौपदाबाई गुडघ्यावर हात देत उठल्या. जवळ येऊन त्यांनी मला अंगठ्यानं चाचपलं.

“नाकगत उनं का हाई?”

“हो, आजी.”

“मंग त्या गयात. खरंच गयात.”

त्या भिंतीला टेकून बसल्या, जणू आबा आत्ताच गेले. ताईबाई पाणी घेऊन आली. आजींनी पेला बाजूला सारला आणि लेकाकडं पाहिलं.

“मोतीलाल, इतला दिन बापना हुकूम आयका. आते मायना आयक. पोर शिकी.”

शिंदखेड्याला निरोप धाडायचं मोतीलाल यांनी सोडून दिलं. मायला ‘नाही’ कसं म्हणायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आजवर तिनं स्वतःच्या नावानं काही मागितलंच नव्हतं.

आज प्रमिला बोदवडला शाळेत शास्त्र शिकवते. मला आता कुणी बोट लावत नाही, आणि मी सुखात आहे. एका म्हातारीनं मला आपला माणूस समजून जीव लावला. एका तापट पोरीनं मला माझं खरं नाव दिलं. दोघींचा मी ऋणी आहे. तुमच्या घरातल्या लेकराच्या कानापुढं माझ्यासारखं कुणी दिसलं, तर तेवढं स्वच्छ ठेवा. आणि पोर शिकायचं म्हणाली, तर खुणेची वाट बघू नका.