फोरमनचं क्वार्टर

कारखान्यात अरविंद पांढरीपांडेंच्या प्रत्येक ड्रॉइंगवर तीन सह्या लागत: काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची. तिसरी सही झाल्याशिवाय तिथे साधा खिळाही ठोकला जात नसे. टाउनशिपमधल्या घरीही तीच पद्धत होती, फक्त मंजुरी कायम बायकोची, लीलावतीची.

या मे महिन्यात ड्रॉइंग होतं बेडकाच्या घराचं. न्हाणीघराच्या भिंतीला चिकटलेला झाडबेडूक त्यांच्या दहा वर्षांच्या लेकीने, अलकाने पकडला होता. नुसता बसून सगळ्यांकडे डोळे वटारतो, म्हणून त्याचं नाव फोरमन. समोरच्या घरातल्या तिच्या मैत्रिणीच्या, सिंधूच्या वडिलांची हरिद्वारला बदली झाली, तेव्हापासून पोरगी तोंड मिटून होती. पंधरा दिवसांनी ती पहिल्यांदा घडाघडा बोलली ती या बेडकाशी. अरविंदरावांना त्याचे पाय धरावेसे वाटले.

लीलावतीला मात्र शिसारी आली. "रविवारी संध्याकाळी मी त्याचं घर तपासणार. त्यातून तो बाहेर पडला, तर तसाच नाल्यावर. मग माझ्यापुढे रडायचं नाही."

अरविंदराव कंबर कसून कामाला लागले. हा चढणारा प्राणी, म्हणून माशांची जुनी काचेची टाकी उभी केली. आत पेरूची फांदी, ओली माती, क्लोरीनचा वास जावा म्हणून दिवसभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी. पत्र्याच्या झाकणाला हवेसाठी भोकं हवी होती. त्यांनी पट्टी लावून फोरमनची रुंदी मोजली. पस्तीस मिलीमीटर. भोकं पाडली पंचवीसची.

"बाबा, पक्का ना? निकलेगा तो नहीं?"

"अगं, दहा मिलीमीटर हातचे ठेवलेत. इतके तर आम्ही यंत्रांनाही देत नाही."

रविवारी लीलावती चष्मा लावून, लाल पेन्सिल घेऊन स्टुलावर बसली. फोरमन फांदीवरून झाकणाला चिकटला, भोकात डोकं घातलं, अंग चोरलं आणि ओल्या साबणासारखा सुळकन बाहेर आला. एक उडी, की गायब! अरविंदरावांनी जन्मभर लोखंड मोजलं होतं, आणि लोखंड कधी पोट आत घेत नाही.

अलका रडली नाही. पुन्हा तोंड मिटून कोपऱ्यात जाऊन बसली. 

पलंगाखाली, माळ्यावर, सगळीकडे शोधून झालं. घामाघूम झालेली लीलावती कूलर लावायला गेली आणि बटणापाशीच थबकली.

"अहो, इकडे या."

कूलरच्या आत, दुपारच्या पाण्याने अजून ओल्या असलेल्या खसच्या ताटीवर, पंख्याच्या पात्याला खेटून फोरमन ऐटीत बसला होता. अलका धावत आली आणि आईकडे बघत राहिली. नाला दोनशे पावलांवर होता.

लीलावतीने पंपाचं बटण दाबलं. खसवर पाणी ठिबकू लागलं. पंख्याच्या बटणावर मात्र तिने चिकटपट्टी लावली. मग ड्रॉइंग मागवलं, टाकीवर लाल काट मारली, शेजारी कूलर काढला आणि खाली लिहिलं: "पंप चालू, पंखा बंद. मंजूर." सहीसुद्धा ठोकली.

"अगं, बेचाळीस डिग्री आहे बाहेर!" अरविंदराव म्हणाले.

"मग वारा घाला मला." तिने वर्तमानपत्र त्यांच्या हातात दिलं आणि अलकाला जवळ ओढलं. "हं, आता सांग. काय म्हणतोय तुझा फोरमन?"

अलका जी सुरू झाली ती जेवणं झाली तरी थांबेना. तिघंही घामाने चिंब झाली होती, आणि गारव्याला बसला होता तो एकटा फोरमन.